ढोम्या कोणाचा

"थोबाड दाखव," असं म्हणून मावशी पदराचं टोक ओलं करायच्या, समोरच्याची हनुवटी दोन बोटांत धरून वर उचलायच्या आणि तोंड पुसून झाल्यावरच पुढचं बोलायच्या. समोरचा बहुतेक वेळा पग जातीचा कुत्रा असे. एकदा मात्र आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी होते. त्यांच्या मिशीला चहाची साय लागली होती.

मावशी म्हणजे आमची कोळीण. पाचूबंदरहून आमच्या गल्लीत वीस वर्षं मासळी घेऊन यायच्या. तुमच्याही गल्लीत अशी एखादी असेल, म्हणून फार वर्णन करत नाही. आवाज एवढाच सांगते की, घरात मिक्सर चालू असला तरी चौथ्या मजल्यावर ऐकू यायचा. माझ्यावर त्यांचा खास जीव. पाटीत खाली, ओल्या फडक्यात एक पापलेट वेगळं ठेवलेलं असे. "हा बायचा," असं म्हणून त्या ते काढायच्या, आणि मी हळूच शेजारणींच्या तोंडाकडे बघून घ्यायचे. खरं सांगून टाकते, मी हेवेखोर बाई आहे. धाकटी बहीण झाली तेव्हा मी आईला "हिला परत देऊन ये" म्हटलं होतं, असं माहेरी अजून सांगतात.

मग पग आले. कोणी तरी गाडी घेऊन किनाऱ्यावर फिरायला आलं आणि जाताना आपला कुत्रा वाळूत ठेवून गेलं. एक डोळा गेलेला, तोंडाच्या घड्यांत पू. मावशींनी त्याला रिकाम्या पाटीत घालून घरी आणलं आणि दिवसातून चार वेळा घड्या पुसून तो वाचवला. ही गोष्ट जनावरांसाठी धावपळ करणाऱ्या विरारच्या पोरींच्या कानावर गेली आणि मावशींच्या दारी रीघच लागली. पिल्लं घालून घालून थकलेल्या माद्या, हौस फिटल्यावर टाकून दिलेले म्हातारे. मावशी त्यांना ठेवून घ्यायच्या, बरं करायच्या आणि चांगलं घर बघून द्यायच्या. नावं सगळी पाटीतली. मांदेली, बोंबील आणि एक तिरकी चालणारी चिंबोरी.

एका शुक्रवारी मी खाली गेले तर ओल्या फडक्यात काही नव्हतं.

"आज नाय, बाय. चिंबोरी काय खातच नव्हती. काटे काडून तिला उकडून घातला."

म्हणजे माझं पापलेट कुत्रीला! मी दोन दिवस मावशींशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी मात्र राहवेना. त्या कुत्र्यांत एवढं काय आहे ते बघायला मी आमच्या ह्यांना घेऊन पाचूबंदरला गेले.

तिथे ढोम्या होता. काळं तोंड, बटबटीत डोळे आणि घोरणं थेट आमच्या ह्यांच्यासारखं. मी खुर्चीवर टेकले न टेकले तोच तो आला, माझ्या पावलावर सगळं अंग टाकलं आणि झोपला. त्याने मला विचारलं नाही, मावशींनाही विचारलं नाही.

"हा मला द्या," मी म्हणाले.

"दीन की. पन आठ दिस येऊन त्याचं तोंड पुसायचं. घडी ओली रायली का कुजते. घरात एसी हाय?"

"आहे."

"तुज्यासाठी नाय ईचारत. ह्याचं नाक चपटं. ऊन लागला का दम कोंडतो."

बँकेत पस्तीस वर्षं काढली, पण माझी अशी परीक्षा कोणी घेतली नव्हती. आठ दिवस गेले. नवव्या दिवशी मावशींनी त्याला माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "आता तीन म्हयने मी तुज्या गल्लीत येनार नाय."

"का हो?"

"माजा आवाज ऐकला का त्याचं मन लागनार नाय तुज्याकडं. लेक दिली का आयनं लगीच तिच्या उंबऱ्यावर जाऊ नये."

आणि खरंच आल्या नाहीत. अख्खी गल्ली ताज्या मासळीला मुकली आणि ते माझ्यामुळे, हेही गल्लीला कळलं. सेक्रेटरी मला लिफ्टमध्ये नमस्कार करेनासे झाले. मी तिकडे लक्ष दिलं नाही. मी कुत्र्याचं नाव बदलून ऑस्कर ठेवलं. तो त्या नावाला कान हलवत नसे, आणि आमचे हे माझ्यामागे त्याला ढोम्याच म्हणत. रात्री तो दाराकडे तोंड करून झोपायचा. राखण करतोय बिचारा, असं मी सगळ्यांना सांगत असे.

तीन महिने संपल्यावर एका बुधवारी खालून हाक आली. तो माझ्या मांडीवर घोरत होता. पग असा उठलेला आणि असा धावलेला मी कधी पाहिला नव्हता. दाराला नखं लावली तशी ह्यांनी दार उघडलं, आणि तो चार मजले जिन्याने खाली. मी लिफ्टने पोचले तेव्हा तो मावशींच्या पायाशी उताणा पडला होता. अंगाखाली ओलं केलं होतं आणि घशातून लहान मूल रडावं तसा आवाज काढत होता. माझ्याकडे आल्यापासून असा आवाज त्याने एकदाही काढला नव्हता.

मावशींनी पाटी खाली ठेवली, त्याची हनुवटी उचलली, घड्या उलगडून पाहिल्या.

"कोरडा हाय. चांगला ठेवलास, बाय."

ह्यावर कोणीही सुखावलं असतं. मी म्हणाले, "मावशी, त्याचं नाव आता ऑस्कर आहे."

त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. माझ्या चेहऱ्यावर काय होतं ते मला आरशाशिवायही ठाऊक आहे. "बरं," एवढंच म्हणाल्या, आणि पाटी डोक्यावर घेऊन गेल्या.

त्या दिवसापासून आमच्या गल्लीतली हाक बंद झाली. बुधवार, शुक्रवार, रविवार मावशी यायच्या. मागच्या गल्लीत ओरडत असायच्या, ते बारीक ऐकू यायचं. आमचं वळण आलं की गप्प. मान खाली घालून फाटकासमोरून निघून जायच्या. त्या येऊन गेल्याचं लोकांना मागाहून कळे. मासळी उरे, ती त्या स्टेशनकडे उन्हात बसून विकत. "मावशींचा आवाज बसला वाटतं," शेजारीण म्हणाली. मी "हो, वय झालं," म्हणाले.

गॅलरीत उभी राहून मी त्यांना जाताना बघत असे. आत तो झोपलेला असे. वरून एकदा नुसतं म्हणायचं होतं, मावशी, हाक मारा. तेवढे शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत. उलट मला बरंच वाटत होतं. हळूहळू तो माझ्यामागे स्वयंपाकघरात यायला लागला, माझ्या उशाशी झोपायला लागला. तो माझा होत होता. कोणाच्या गप्प राहण्यामुळे होत होता, ते मला पक्कं माहीत होतं.

मागच्या उन्हाळ्यात मावशी यायच्या बंद झाल्या. महिन्याभराने त्यांची सून पाटी घेऊन आली. पोटाचं दुखणं, फार वाढलेलं. डॉक्टरांनी घरी घेऊन जा म्हणून सांगितलं होतं.

"ताई, एकदा ढोम्याला घेऊन याल का? त्याला बगायचं म्हनतात. बाकी कोनाचं नाव नाय घेत."

बाकी कोणाचं नाही. वीस वर्षं मी त्यांची बाय होते, आणि नाव निघालं ते माझ्या घरी दोन वर्षं राहिलेल्या कुत्र्याचं. त्यांच्या हातून इतकी कुत्री गेली, त्यांतलाही नेमका माझाच हवा होता. कोणाचा जास्त राग आला ते अजून ठरवता येत नाही.

मी गेले. एकटीच गेले.

खाटेखाली दोन म्हातारे पग घोरत होते. मावशी एवढ्याशा झाल्या होत्या. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं, मग माझ्या मागे दाराकडे.

"त्याला नाय आनलास?"

"ऊन किती आहे, मावशी. त्याला दम लागला असता."

ऊन होतं. पण आमच्या गाडीला एसी आहे आणि त्याच गाडीतून तो भर दुपारी डॉक्टरकडे जातो.

"बरं केलंस," त्या म्हणाल्या. "उन्हात नको काडू त्याला."

मग त्यांनी माझा हात धरला. मला वाटलं, चला, आता तरी मी. त्यांनी तो उलटा केला, तळवा नाकाशी नेला आणि तिथेच धरून ठेवला. सकाळी मी त्याच हाताने त्याचं तोंड पुसलं होतं.

"त्याचाच वास," त्या डोळे मिटून म्हणाल्या.

तुम्ही असता तर रडला असता. मला आठवतं ते एवढंच की, हात माझा आहे आणि ह्या बाईला त्यात मी सापडत नाहीये, हे माझ्या मनात आलं. तरी मी तो सोडवून घेतला नाही. त्यांना झोप लागेपर्यंत तसाच ठेवला.

दुसऱ्या दिवशी आभाळात मळभ आलं आणि चार दिवस हललं नाही. ऊन नावाला नव्हतं. आमचे हे दोनदा गाडीची किल्ली घेऊन माझ्यासमोर उभे राहिले. "जाऊ या का त्याला घेऊन?"

"उद्या," मी दोन्ही वेळा म्हणाले.

पाचव्या दिवशी सकाळी सुनेचा फोन आला, मावशी पहाटेच गेल्या होत्या. मी ढोम्याला उचललं आणि गाडीत जाऊन बसले. पाचूबंदरला पोचायला वीस मिनिटं लागली.