उतरलेली बेकारी

"सध्या म्हणजे कधीपासून?" बाई हे विचारत तेव्हा आवाज चढलेला असे. राग समोरच्यावर नसे, तरी समोरचा दचके.

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. आमच्या सरकारी कचेरीकडे बेकारांच्या पाहणीचं काम होतं. बाई गिरगावातल्या, विधवा, माझ्याहून बऱ्याच मोठ्या. आम्ही दोघं लालबागच्या चाळी हिंडायचो.

एका खोलीतला मालवणकडचा गडी म्हणाला, "सध्या बसान आसंय."

बाईंनी ठरलेला प्रश्न टाकला.

"गणपतीपासून. रोज गिरणीच्या गेटार जातंय. कोण गैरहजर आसलो तर त्येची बदली गावता."

"या आठवड्यात गावली?"

"एक दिस."

आठवड्यात एक दिवस काम मिळालं की माणूस बेकार नाही, असा आमचा नियम. जिना उतरताना बाई कडाडल्या, "एका दिवसाच्या भाकरीवर आठवडा काढून दाखव म्हणावं त्या नियम करणाऱ्याला!" मग पायरीवरच बसल्या. पदराने डोळे पुसले आणि "चला आता!" म्हणून माझ्यावरच खेकसल्या.

साहेबांसमोरच्या बाई तुम्ही पाहायला हव्या होत्या. साहेब अहवाल वाचत होते. मुंबईत बेकारी वाढली. रत्नागिरीकडे मात्र ती वर्षागणिक उतरते आहे, हे चांगलं लक्षण.

"बेकारी नाही, माणसं उतरलीत," बाई म्हणाल्या. "भाऊच्या धक्क्यावर! तिकडे पोट भरेना म्हणून बोटीने इथे आली, आणि इथे गेटवर ताटकळतायत. चांगलं लक्षण म्हणे! लाज नाही वाटत?"

"बाई, हा सरकारी अहवाल आहे. मोर्चातलं भाषण नाही."

"मोर्चाला मी अजून गेले नव्हते. आता जाईन."

आणि गेल्या. दुसऱ्याच दिवशी, भर कचेरीच्या वेळात. पाठोपाठ राजकोटला बदलीचा हुकूम आला. द्विभाषिक राज्य ते, माणसाला कुठेही फेकता येई. बाईंनी राजीनामा टाकला. अहवालात साहेबांचं 'चांगलं लक्षण' जसंच्या तसं छापून आलं.

महाराष्ट्र झाला तेव्हा साहेबांनी कचेरीत पेढे वाटले. त्याच सकाळी, आम्ही पाहणीला हिंडलो होतो त्या लालबागच्या चाळींतली एक बाई दारात येऊन उभी राहिली.

"त्या रागावणाऱ्या बाई कुठंयत? म्हणाल्या होत्या, ह्यांना काम लागलं तरी येऊन सांग, नाही लागलं तरी सांग."

"मग, लागलं?" मी विचारलं.

तिने मानेनेच नाही म्हटलं.

साहेबांनी तिच्या हातावर पेढा ठेवला.