साहेबांच्या नेमासाठी तोडलेली झाडं

ज्या संस्थेनं मला शिकवलं, तिच्याविरुद्ध एक ओळ लिहायची म्हटली तरी हात अडखळतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीचं तोंड पाहिलेलं नव्हतं. आईवडील दोघंही दिंद्रुडकडच्या शिवारात लोकांच्या रानात कापूस वेचायला जायचे. सहकारी सूतगिरणीनं शाळा काढली, वसतिगृह काढलं, म्हणून मी अंबाजोगाईच्या कॉलेजापर्यंत पोचलो, पदवीधर झालो आणि पुढं त्याच शाळेत खेळाचा शिक्षक म्हणून लागलो. हे उपकार मी मानतो. पण उपकार मानणाऱ्या माणसाला राग येऊच नये, असं सगळे धरून चालतात. त्याचाच मला फार राग आहे.

गिरणीच्या मागं, गिरणी आणि शाळा यांच्या मधे, एक झाडी होती. मोठी नव्हती, या टोकाला हाक मारली तर त्या टोकाला ऐकू जायची. गिरणी उभी राहिली तेव्हा सभासदांनी श्रमदानानं लावलेली झाडं. कडुलिंब, करंज, शिरीष, मधे सुबाभळीची दाटी आणि कडेला एक चिंच. पुढं गिरणी बंद पडली, शाळा तेवढी चालू राहिली आणि झाडी वाढत राहिली. त्या झाडीत आम्ही डिस्क गोल्फ खेळायचो.

हा खेळ मी पुण्याला शिक्षकांच्या शिबिरात पाहिला. ताटलीएवढी प्लास्टिकची थाळी असते. ठरलेल्या जागेवरून ती फेकायची, जिथं पडेल तिथं जायचं, तिथून पुन्हा फेकायची, असं करत लांबच्या टोपलीत घालायची. कमी फेकीत जो घालेल तो जिंकला. मोकळ्या मैदानात हे जरा पोरकट वाटतं. झाडांत मात्र तो खरा खेळ होतो, कारण टोपली समोर दिसत नाही. उजव्या हातानं फेकलेली थाळी वेग कमी झाला की डावीकडं वळते. ते वळण ओळखून कुठल्या झाडाच्या कुठल्या बाजूनं तिला काढायची, हे डोक्यात आधी ठरवावं लागतं. आमची पहिली टोपली एका जुन्या करंजामागं होती. करंजाच्या उजव्या अंगानं थाळी सोडली तर ती मागं वळून टोपलीकडं जायची. सरळ मारली की खोडावर आपटायची.

शिबिरातल्या प्रशिक्षकांनी आपल्याकडच्या जुन्या थाळ्या दिल्या. टोपल्या आम्हीच केल्या. लोखंडी पाइप, वर सायकलची रिम, रिमला साखळ्या आणि खाली घमेलं. थाळी साखळ्यांवर आदळते आणि घमेल्यात पडते. साखळ्या मुलांनी घरून आणल्या. दुष्काळात ज्यांची जनावरं बाजारात गेली होती, त्यांच्या गोठ्यात त्या रिकाम्या पडल्या होत्या.

सगळ्यांत चांगला हात होता नववीतल्या एका मुलीचा. घर मेंढपाळाचं. पहिल्याच दिवशी तिनं करंजाला वळसा घातला, तेव्हा मी विचारलं, कुठं शिकलीस?

"मेंढरू वळवायला दगूड टाकतो की आमी सर. मेंढराला लागला न्हाई पायजे. त्याच्या म्होरं पडला पायजे."

वर्गातली पोरं तिला चिडवायची. "थाळी हाय ती, मेंढरू न्हाई, तू म्हणशील तशी वळाया!"

"मग तुजी कावून वळंना? हाक मारून बघ."

त्या वर्षी गावात टँकरचं पाणी होतं. झाडांना कोण देणार? शाळेत दुपारची खिचडी व्हायची, ताटं धुतलेलं पाणी मोरीतून वाया जायचं. आम्ही मोरीखाली खड्डा खणून ते धरलं. नियम एकच केला. खेळायला येणाऱ्यानं आधी तेलाचा रिकामा डबा भरून एका झाडाच्या आळ्यात ओतायचा, मग थाळीला हात लावायचा. शेवटी पोरं आपापल्या झाडावरून भांडायला लागली. मेंढपाळाच्या मुलीनं करंज घेतला होता. दुसऱ्या कुणी त्याला पाणी घातलं तरी तिला चालायचं नाही. "तुमी लई उथळ आळं करता," म्हणायची. आजूबाजूच्या माळावर हिरवं काही उरलं नव्हतं. ती झाडी तेवढी जगली, खरकट्या पाण्यावर.

आमचे मुख्याध्यापक वाईट माणूस नव्हते. ते मला एक दिवस म्हणाले, "सर, ह्या खेळाचं उद्घाटन करून घेऊ. साहेबांच्या हस्ते."

साहेब म्हणजे गिरणीचे आणि शाळेचे अध्यक्ष.

"पण खेळ तर सुरू आहे सर, मागच्या वर्षापासून."

"तसा हाय सुरू. उद्घाटन होऊन सुरू न्हाई."

शनिवारी साहेबांचे एक सहायक पाहणीला आले. पहिल्या फेकीच्या जागेवर उभे राहिले.

"टोपली कुठाय?"

"त्या करंजामागं."

"मग साहेबांना दिसंल कशी?"

"दिसत नाही, हाच खेळ आहे."

मी साहेबांची थट्टा करतोय असं वाटून त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "अहो, पेपरवाले येणार. चार लोकांत साहेबांची थाळी झाडाला धडकली तर बरं दिसंल का?"

मी सुचवलं की साहेबांना टोपलीजवळच उभं करू, हातभरावरून टाकू देत. सोबत असलेल्या मुख्याध्यापकांनी होकारार्थी मान हलवली. प्रश्न मिटला असं समजून मी आईला भेटायला गावी गेलो.

सोमवारी सकाळी परत आलो तर शाळेच्या फाटकातूनच गिरणीची मागची भिंत दिसली. ती कधीच दिसत नव्हती. मी पळत मागं गेलो. पहिल्या फेकीच्या जागेपासून टोपलीपर्यंत, डांबरी रस्ता पाडावा तशी, झाडं कापून नेली होती. करंज गेला होता, शिरीष गेले होते, मोठा कडुलिंब गेला होता. एका बाजूला मंडपासाठी आणि साहेबांच्या गाड्यांसाठी आणखी जागा केली होती. चिंच तेवढी ठेवली होती, कारण चिंचेवर काहीतरी असतं म्हणून कापणाऱ्यानं तिला हात लावला नाही. करंजावर असं काही असतं तर किती बरं झालं असतं! त्याच्या खुंटाभोवतीचं आळं अजून ओलं होतं. शनिवारी घातलेलं पाणी.

ती मुलगी तिथं उभी होती. रडत नव्हती. मला म्हणाली, "सर, तुमी कुठं गेलते?"

मी तसाच मुख्याध्यापकांच्या खोलीत गेलो.

"कुणी सांगितलं तोडायला?"

"सांगावं लागतं का सर? आपल्याला कळाया पायजे."

आमच्याकडं हीच रीत आहे. मोठ्या माणसानं तोंड उघडायच्या आधी त्याच्या मनातलं करून टाकायचं, आणि त्याच्या मनात नसेल तरी करायचं. ज्याला हे जमत नाही तो अडाणी. मी त्यांना म्हणालो, त्या झाडांना पोरांनी खरकटं पाणी वाहून घातलंय. तहानलेल्या गावात झाड तोडताना तुमचा हात कसा धजला?

त्यांनी माझ्या पायांकडं बोट दाखवलं. "तुमी आज बुटं घालून हिंडताय, ते कुणामुळं?"

"साहेबांमुळं."

"मग?"

त्या "मग"पुढं मी गप्प झालो. आज इतक्या वर्षांनी मला त्याचं उत्तर येतं. गिरणी सभासदांची होती. शेअर त्यांचे होते, कापूस त्यांचा होता, वसतिगृहाच्या विटाही सुगीच्या दिवसांत काम सोडून आलेल्या माणसांनी वाहिल्या होत्या. झाडं त्यांनी लावली. मी शिकलो तो त्या सगळ्यांमुळं. सहकार म्हणजे हेच असं पुस्तकात वाचून मी मार्क मिळवले होते. तरी "कुणामुळं" म्हटलं की माझ्या तोंडून एकट्या साहेबांचं नाव निघालं. हजार माणसांचे उपकार एका माणसाच्या खात्यावर कधी आणि कसे जमा झाले, हे आमच्यातल्या कुणीच विचारलं नाही, आणि आमच्यासारख्या शिकलेल्यांनी तर मुळीच नाही.

उद्घाटन झालं. हार झाले, नारळ झाला. साहेबांनी थाळी घेतली. वयाच्या मानानं त्यांनी जोरात फेकली. मोकळ्या केलेल्या रस्त्यावरून ती सरळ गेली आणि टोपली जवळ येताच, प्रत्येक थाळी वळते तशी, डावीकडं वळली आणि मंडपाच्या खांबाला लागून खुर्च्यांखाली पडली. टाळ्या वाजल्या. मुख्याध्यापक धावत गेले, वाकून थाळी काढली आणि आपल्या हातानं घमेल्यात ठेवली. पुन्हा टाळ्या.

मागं पोरांत कुजबुज चालली होती.

"आता कुनी बी घालंल. येडं बी घालंल."

"साहेबांना कुठं घालता आली बे?"

एक शिक्षक त्यांच्यावर डोळे वटारत होता. साहेबांनी रुमालानं मान पुसली, इकडंतिकडं पाहिलं आणि म्हणाले, "सावली न्हाई का हो इथं? मागं झाडी होती ना?"

मी बोललो. "होती साहेब. तुमचा नेम चुकू नये म्हणून तोडली."

मुख्याध्यापकांनी माझा दंड धरला. साहेब माझ्याकडं बघत राहिले. रागावले नाहीत, ते खरंच गोंधळले होते. "मी कुठं म्हणलो तोडा म्हणून?"

"नाही म्हणालात."

"मग?"

पुन्हा तेच. मग साहेब मुख्याध्यापकांकडं वळले. "नवीन लावून टाका. पाण्याचं मी बघतो." ध्वनिक्षेपकावरून लगेच ते जाहीर झालं आणि लोकांनी त्यालाही टाळ्या दिल्या. ज्यांनी डबे वाहिले होते ती पोरं उन्हात उभी होती. त्यांना कुणी काही विचारलं नाही.

नवीन झाडं आली नाहीत. पाणी मात्र आलं. पुढच्या आठवड्यात साहेबांचा टँकर शाळेच्या फाटकातून आत शिरला. त्याच्या मागं वस्तीवरच्या बाया हंडे घेऊन आल्या होत्या. टँकर दिसला की त्या येणारच. चालक खाली उतरला.

"कुठं वतू सर? झाडाला म्हणून पाठिवलंय. फोटू काढून टाकायचाय मला साहेबांना."

"झाडं कुठं आहेत?"

त्यानं सभोवार पाहिलं. "ते मला काय म्हाईत?"

"मग हंडे भर त्यांचे."

"साहेबांनी माणसाला म्हणून न्हाई दिलं पाणी. मला बोलणी बसतील."

एक म्हातारी त्याला म्हणाली, "आरं लेकरा, लाकडाला पाजशील अन् मला न्हाई व्हय?" आणि तिनं सरळ नळीखाली हंडा लावला. चालकानं माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, सोड. बोलणी मी खाईन. हंडे भरले. टँकरच्या तळाशी राहिलेलं थोडं पाणी त्या मुलीनं डब्यात धरलं आणि करंजाच्या खुंटाला घातलं. चालक त्याचाच फोटो काढायला लागला. खुंट दिसू नये म्हणून तो चवड्यावर बसून कोन शोधत होता. मी त्याच्या हातातून फोन घेतला, वरून खुंटासकट फोटो काढला, आणि त्याच्याच फोनवरून साहेबांना पाठवून दिला. उत्तर आलं नाही.

त्या संध्याकाळी आम्ही पहिली टोपली उपटली आणि चिंचेच्या पलीकडं, उरलेल्या झाडांत, एका कडुलिंबाच्या मागं नेऊन रोवायची ठरवली. जमीन दगडासारखी झाली होती. मी पहार घेतली. मुख्याध्यापकांचा दंडावरचा हात, त्या टाळ्या, तो "मग", सगळ्याचा राग पहारीवर काढत होतो. माती तडकून उडत होती आणि मला बरं वाटत होतं.

"सर," ती मुलगी म्हणाली. मी ऐकलं नाही. तिनं पुढं होऊन पहारीला हात घातला.

"हळू हाना की. मुळी लागली."

खड्ड्यात लिंबाची एक मुळी उघडी पडली होती, साल निघालेली, आत ओली. मी पहार खाली ठेवली. तिनं ओंजळीनं त्यावर माती ओढली आणि दोन हात सरकून दुसरी जागा दाखवली.