एप्रिलची छाटणी

या गौरवग्रंथाच्या संपादक मंडळाविरुद्ध माझी एक गंभीर तक्रार आहे आणि ती नोंदवल्याशिवाय सत्कारमूर्तींकडे वळणं मला शक्य नाही. मंडळाने मला कळवलं की लेखात 'वाइन' हा शब्द येऊ नये. आपण सौदीत राहतो, ग्रंथ इथेच वाटला जाणार, उगाच कशाला. पर्याय म्हणून त्यांनी 'फलप्रक्रिया' हा शब्द सुचवला. आता ज्यांची मुलगी आणि जावई इटलीच्या डोंगरात जावयाच्या आजोबांचा बुडालेला वाइनचा मळा वर काढायला बसले आहेत, त्यांच्याबद्दल 'फलप्रक्रिया' लिहायचं म्हणजे तेराव्याच्या जेवणाला स्नेहभोजन म्हणण्यासारखं आहे. शब्द लिहून झाला आहे. पुढचं संपादकांनी बघावं.

श्री. दिनकरराव माळी यांची आणि माझी पहिली भेट जुबैलमध्ये, आमच्या कंपनीच्या कॉलनीत झाली. मी नवा होतो. घरामागे एक गृहस्थ कापलेल्या पिंपाशी वाकून बसले होते. एसीतून ठिबकणारं पाणी त्यांनी नळीने त्या पिंपात सोडलं होतं आणि पिंपात एक सुतळीएवढी काडी उभी होती.

"काय लावलंय?" मी विचारलं.

"द्राक्ष. बुरैदाच्या एका शेतकऱ्याकडून काडी आणलीय."

"इथे येतं?"

"नाही येत."

"मग?"

"कसं येत नाही, ते बघतोय," ते म्हणाले आणि पुन्हा वाकले.

दिनकरराव मूळचे तासगावचे. द्राक्ष आणि बेदाणा यांवाचून त्या मुलखात तिसरा विषय निघत नाही. भाऊ अजून बाग करतात, हे इकडे आले. जुबैलच्या खाऱ्या वाऱ्याने ती वेल दर उन्हाळ्यात मेली आणि दर हिवाळ्यात त्यांनी नवी काडी लावली. आम्ही त्यांची यथेच्छ टिंगल केली. त्यांनी कधी उत्तर दिलं नाही, हा त्यांचा आमच्यावरचा सर्वांत मोठा सूड.

कामाबद्दल सांगायचं तर आम्ही दोघंही एकाच पाण्याच्या प्लांटवर शिफ्ट इंजिनिअर. एकदा दुरुस्तीसाठीचा शटडाउन संपत आला असताना ठेकेदाराचा मॅनेजर एका प्रेशर गेजवर सही मागायला आला. गेज तपासलं नव्हतं. "माळीसाब, यल्ला, सब खलास है, सिर्फ साइन," तो म्हणाला. दिनकररावांनी खुर्ची मागवली, त्या गेजसमोर मांडली आणि बसले. "तुम टेस्ट करो, मैं इधरही हूँ." दुपारपर्यंत ते तिथून हलले नाहीत. मग टेस्ट झाली. गेज व्यवस्थित निघालं, हे इथे मुद्दाम सांगतो, कारण गौरवलेखांत गेज नेहमी बिघडलेलं निघतं.

सुट्टीच्या दिवशी ते कॅम्पवर जात. तिथे कोकणातले वेल्डर आणि फिटर राहतात, बायकामुलं गावी. दिनकरराव त्यांच्यासाठी पिठलं करत. ते पिठलं मी खाल्लं आहे. रत्नागिरीचा एक फिटर मला म्हणाला होता, "पिठला वायटच करतत हो काका. पण जेवन झाल्यार उठून जायत नाय, बसतत." त्या पोरांचं घरचं रडगाणं ऐकायला एवढा वेळ दुसरं कोणी देत नव्हतं.

आता मळ्याकडे येतो. दिनकररावांची मुलगी केतकी जुबैलमध्येच वाढली, मराठी प्रश्नाला इंग्रजी उत्तर देत. शिकायला इटलीला गेली आणि तिथे माउरोशी लग्न केलं. माउरोच्या आजोबांचा पिएमोन्तेच्या डोंगरउतारावर लहानसा मळा होता. आजोबा गेले, तेव्हापासून तो पडून होता. काटेरी झुडपांनी वेली गिळल्या होत्या. दोघांनी शहरातल्या नोकऱ्या सोडल्या आणि तो साफ करायला घेतला. ही बातमी आली त्या दिवशी दिनकरराव ड्युटीवर शीळ घालत होते. त्यांना शीळ येत नाही.

मग रोज व्हिडिओ कॉल सुरू झाले. केतकी फोन वेलींवरून फिरवी आणि इकडून हे, "थांब, मागे घे, ती काडी दाखव." दोन वर्षांत उताराचा मोठा भाग मोकळा झाला. वेली जुन्या, पण जिवंत होत्या.

इथून पुढचं लिहावं की नाही, हे मी दिनकररावांना विचारलं. ते म्हणाले, "तेच लिहा. बाकीचं कोणीही लिहील."

तासगावात वर्षाला दोन छाटण्या होतात. तिथे वेल कधी झोपत नाही, म्हणून एप्रिलमध्ये तिला खरडून कापायची आणि नवी काडी धरायला लावायची. ही खरड छाटणी. मग ऑक्टोबरात फळासाठी दुसरी. दिनकररावांच्या हाताला हे लहानपणापासून माहीत. एप्रिल आला, तसं त्यांनी केतकीला सांगितलं, "खरड छाटणी घ्या. नाहीतर काडी कच्ची राहील." माउरो कुरकुरला. शेजारचा म्हातारा शेतकरी कुंपणाशी येऊन हातवारे करून गेला. केतकी म्हणाली, "माझ्या बाबांच्या घरी तीन पिढ्या द्राक्ष आहे." आणि तिने अर्धा उतार कापला.

पिएमोन्तेत वेल थंडीत झोपते आणि एप्रिलात डोळे उघडते. त्या कोवळ्या फुटीवरच वर्षाचे घड असतात. ते सगळे खाली पडले. त्या वर्षी अर्ध्या उतारावर नुसता पाला आला.

केतकीचा फोन आला तेव्हा मी त्यांच्या घरी चहाला होतो. ती पोरगी पहिल्यांदा सलग मराठी बोलली. "बाबा, ती आत्ता कुठे जागी होत होती. उठताउठता आपण तिची मान कापली." 'तुम्ही' म्हणाली नाही, 'आपण' म्हणाली. दिनकररावांना ते जास्त लागलं. त्यांच्या पत्नी शैलावहिनी मात्र कोणाची गय करत नाहीत. फोन बंद झाल्यावर त्या म्हणाल्या, "तासगावचं शहाणपण जुबैलमार्गे इटलीला पाठवलंत. एवढ्या प्रवासात लोणचंसुद्धा खराब होतं."

दिनकरराव हसले नाहीत. घरामागे गेले आणि पिंपातली काडी उपटून टाकली. नंतर त्यांनी दुसरी लावलेली मी पाहिली नाही.

पुढच्या वर्षी वेली सावरू लागल्या, तर वसंतात कडाक्याची थंडी पडली. यंदा घड भरले होते, गोडी उतरत होती, तोडणी तोंडावर आली होती, आणि गारा पडल्या. केतकीने फोटो पाठवला. दिनकररावांनी तो मला दाखवला नाही, नुसता फोन उलटा करून टेबलावर ठेवला. आता वरच्या बाजूच्या मोठ्या मळ्याचे मालक जमीन मागत आहेत. माउरो विकायला तयार आहे. केतकीने या हिवाळ्याची छाटणी होईपर्यंत मुदत मागून घेतली आहे. छाटताना लाकडात जीव दिसला तर राहायचं, नाहीतर द्यायचं.

गौरवलेखाचा प्रघात असा की इथे लेखकाने 'सर्व काही ठीक होईल' असा विश्वास व्यक्त करावा. मला तो वाटत नाही. मला वाटतं ती जमीन जाईल. दिनकररावांनाही तसंच वाटतं. मी विचारलं, "मग छाटणीला तिकडे जायचंय कशाला?"

"कापलं मी होतं," ते म्हणाले. "निदान एकदा बरोबर कापून बघू दे."

त्यांना साठ पूर्ण होत आहेत आणि मार्चमध्ये ते सौदी कायमची सोडतील. तोवर छाटणीचा हंगाम उलटलेला असेल. रजा शिल्लक नाही. कंपनीने सहानुभूतीपूर्वक नकार दिला आहे. आमच्याकडे तो प्रकार मुबलक मिळतो.

दिनकररावांना दीर्घायुष्य लाभो, असं नुसतं म्हणून भागणार नाही. त्या उतारावर चढायला गुडघे लाभोत. गार हवेत कात्री धरणारी बोटं लाभोत. नवी काडी लावून तिचा घड हाती येईपर्यंत जी वर्षं जातात, तेवढी वर्षं त्यांना पुन्हा पुन्हा मिळोत, मग ती जमीन कोणाचीही असो. आणि लेकीने त्यांना एखाद्या सकाळी इंग्रजीत उत्तर द्यावं, पूर्वीसारखं, सहज.

आणखी एक. माझे वडील गेले तेव्हा मला त्याच दिवशी निघावं लागलं. माझ्या पाळ्या दिनकररावांनी त्यांच्या पाळ्यांना जोडून केल्या. आमच्या प्लांटवर उसनी घेतलेली पाळी परत करायची, असा रिवाज आहे. मी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा "राहू दे हो" झालं. गेल्या आठवड्यात मी शिफ्ट इन्चार्जकडे गेलो आणि छाटणीच्या दिवसांतल्या त्यांच्या सगळ्या पाळ्यांवर माझं नाव घालून घेतलं. त्यातली पहिली पाळी नेमकी सत्कार समारंभाच्या संध्याकाळी आहे, तेव्हा मी सभागृहात नसेन. इन्चार्जने कशीबशी सोय केली, एवढंच दिनकररावांना माहीत आहे. समारंभातून ते थेट विमानतळावर जातील आणि ग्रंथ सामानात असेल. हे पान ते उघडतील तोवर मी त्यांच्या खुर्चीत बसून त्यांचीच गेजं बघत असेन.