गाडीतून दिसणारं खाचर

उमेदीची सात वर्षं मी अशा एका गोष्टीमागे घालवली, जी थेट मोजताच येत नाही. एक अणुकेंद्रक समोर आलेला न्यूट्रॉन कितपत सहज पोटात घेतं, एवढंच मला हवं होतं. पण ते केंद्रक काही तासांत विरून जायचं. त्याचा नमुना करून त्यावर न्यूट्रॉन सोडेपर्यंत हातात काही उरायचं नाही. म्हणून आडवाट धरली. शेजारचं टिकाऊ केंद्रक घ्यायचं, त्यावर दुसऱ्याच कणांचा मारा करायचा आणि न्यूट्रॉन गिळून जे फुगलेलं केंद्रक तयार झालं असतं, नेमकं तेच या वाटेने घडवायचं. मग ते न्यूट्रॉन बाहेर टाकतं की गॅमा किरण सोडून शांत होतं, ते बघायचं. सगळा डोलारा एका गृहीतावर उभा होता: आपण कुठल्या वाटेने घडलो, हे केंद्रक विसरून जातं.

वडिवळ्याला घराच्या ओटीवर बसून हे एकदा आबांना, म्हणजे वडिलांना, सांगितलं होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "म्हंजी शितावरनं भाताची परीक्षा," ते म्हणाले. आणि वर, "पन शित त्याच भांड्यातलं पायजे बाबा." मी हसलो. शाळेची पायरीही न चढलेल्या माणसाला यातलं काय कळणार, असं तेव्हा मनात आलं होतं. ते आता लपवत नाही.

आई गेल्यापासून आबा गावात एकटेच होते. मी मुंबईत प्रयोगशाळेत, आणि आकडेमोडीसाठी महिन्यातून एकदा तरी पुण्याला फेरी. घाट चढायला जोडलेली जादा इंजिनं सोडवेपर्यंत गाडी लोणावळ्याला थांबायची. तिथे उतरून शटल धरली की आमच्या गावाचं स्टेशन, कामशेत, काही लांब नाही. मी उतरायचो, पुण्यातल्या साहेबांच्या मुलांसाठी चिक्की घ्यायचो आणि परत त्याच गाडीत चढायचो.

कामशेतच्या अलीकडे आमचं भाताचं खाचर रुळांना लागून आहे. तेवढ्यासाठी मी खिडकीची जागा धरायचो. लावणी वेळेवर झालेली, बांध नीट लिंपलेले, भात हिरवागार. म्हणजे आबा धडधाकट. पुण्याला पोचलो की कार्ड टाकायचो: 'गाडीतून खाचर पाहिलं, छान आहे, तेव्हा तुमची प्रकृतीही उत्तमच असणार. कामामुळे उतरता आलं नाही.' कुणाकडून तरी लिहून घेतलेलं उत्तर यायचं. सर्व क्षेम, काळजी नसावी.

सातव्या वर्षी पीक चमत्कारिक दिसलं. एका कोपऱ्यात भात उंच, मधे बुटका, रुळाच्या बाजूला चार-पाच ओळी पिवळ्या पडायला लागलेल्या आणि बाकी अजून हिरवं. आबा एकाच जातीचं बी राखायचे आणि त्यांचं खाचर एका दिवसात पिकल्यासारखं पिकायचं. हे मला माहीत होतं. तरी मी वाऱ्याला, पावसाला दोष दिला. प्रयोगशाळेतही न जुळणाऱ्या आकड्यांना मी तेच करत होतो, चूक म्हणून बाजूला सारत होतो.

त्याच पंधरवड्यात माझी पद्धत कोसळली. पडताळा म्हणून एक असं केंद्रक घेतलं, ज्याचा आकडा लोकांनी थेट मोजलेला होता. माझा आकडा त्याच्या जवळपासही येईना. आमच्या आडवाटेने घडलेलं केंद्रक न्यूट्रॉन गिळून घडलेल्यापेक्षा जास्त गरगरत होतं आणि ते गरगरणं अखेरपर्यंत टिकत होतं. ते काहीच विसरलं नव्हतं. सात वर्षं पाण्यात गेली. मी वहीकडे बघत बसलो आणि मला रडूसुद्धा आलं नाही.

चार दिवसांनी कोपरा फाडलेलं पोस्टकार्ड आलं. आबा गेले होते. मी वडिवळ्याला पोचलो, तेव्हा दहावा दुसऱ्या दिवशी होता.

शेजारच्या मावशीने चहा दिला. आबा तीन वर्षं अंथरुणावर होते, हे मला तिच्याकडून कळलं. पाय गेले होते.

"मग लावणी कोण करत होतं?"

"इर्जिक घालायचो की. समद्यांनी एक दिस राबायचं, ज्याचं रान त्यानं जेवाण घालायचं. आबांच्यानं जेवाण व्हईना, मंग भाकरी मीच थापायची. औंदा त्यांचं रोप न्हवतं, ज्याचं उरलं त्यानं आनून लावलं." तिने माझा रिकामा कप उचलला. "तुजी कार्डं वाचून घ्यायचे रं. म्हनायचे, खाचर पडीक ठिवू नका. पोरगं गाडीतनं बगतंय. पडीक दिसलं तर उतरंल, अन् त्याचं काम खोळंबंल."

त्यांची प्रकृती मी कशावरून मोजतो, ते मीच दरमहा त्यांना लिहून कळवत होतो. ते उंच-बुटके, हिरवे-पिवळे पट्टे म्हणजे कुणी कुठे लावलं त्याची सरळ खूण होती, आणि मी ती खिडकीतून पाहूनही पुढे गेलो होतो. याला क्षमा नाही. मी ती मागितलीही नाही, मागायची कुणाकडे?

महिनाभराने कापणी आली. मी विळा धरला, पण दुसऱ्याच मुठीला बोट कापलं आणि मावशीने मला बांधावर बसवलं. शेवटी कापणीचीही इर्जिकच झाली. बायका गात होत्या, पेंढ्या पडत होत्या. इतक्यात पुण्याकडे जाणारी गाडी आली. खिडक्यांत माणसं बसलेली होती. त्यातल्या एखाद्याने बाहेर पाहिलं असेल, तर त्याला वाटलं असेल, या घरी सगळं ठीक आहे.