सम्राज्ञीच्या हातातलं पापलेट

चहा घ्या, बिस्किटं घ्या, पण आधी एक शब्द द्या. हा किस्सा ऐकून झाल्यावर वर्सोव्याच्या मासळी बाजारात जाऊन ‘आम्ही वृषालीच्या ओळखीचे’ असं सांगायचं नाही. तुमच्याच भल्यासाठी सांगतेय. माझी तिथे इतकी शोभा झालीय ना, की तुम्हाला पण कोणी बोंबील देणार नाही!

तर झालं असं. मी चित्रकार. राहते अंधेरीला. लग्नपत्रिका, मिठाईचे बॉक्स, शाळेच्या गॅदरिंगचे पडदे असली कामं करून पोट भरते. आणि माझी मैत्रीण केतकी टॅरो वाचते. टॅरो म्हणजे ती चित्रांची पानं हो, पिसायची, उचलायची आणि मग आपल्या आयुष्याचा अर्थ लावायचा. एके दिवशी केतकीनं तिचा संच माझ्यासमोर मांडला आणि मी नुसती भडकले! राजा पुरुष, पुरोहित पुरुष, जोगी पुरुष, जादूगार पुरुष. बायका मोजून चार-पाच, त्यातल्या निम्म्या नुसत्या बसलेल्या.

‘केतकी,’ मी म्हटलं, ‘आपण आपला संच काढायचा. मुख्य पानं बावीस, बावीसच्या बावीस बायका! आणि त्या परदेशी गाऊनवाल्या नाहीत. आपल्या इथल्या, घाम गाळणाऱ्या!’

केतकीला पण जोर चढला. ‘प्रत्येक वस्तूत प्रतीक पाहिजे हां! स्त्रीतत्त्व दिसलं पाहिजे!’

काय दिवस होते ते! रथाच्या पानावर मी बोरिवलीची रिक्षावाली काढली. न्यायाच्या पानावर आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीबाई, एका हातात तराजू, दुसऱ्या हातात पाण्याच्या टाकीची किल्ली. वीस पानं झाली, सम्राज्ञी मी मुद्दाम शेवटाला ठेवली होती. अडलं फक्त शून्य नंबरचं पान. त्याचं नाव ‘मूर्ख’. म्हणजे वर बघत, आपल्याच नादात, कड्याच्या टोकाशी निघालेला भोळा जीव. आता स्त्रीवादी संचात बाईला मूर्ख कसं दाखवायचं, तुम्हीच सांगा! आणि दाखवायचंच झालं तर कोणाला? मी ती जागा कोरीच ठेवली.

पण संचाचा प्राण म्हणजे सम्राज्ञी. सृष्टीची आई, अन्नपूर्णा, जे म्हणाल ते. तिच्यासाठी माझ्या डोळ्यांसमोर एकच बाई होती, पारूमावशी!

पारूमावशी वर्सोव्याच्या बाजारात मासे विकते. मी अकरा वर्षं दर रविवारी तिच्याकडूनच घेते. ती पाटीमागे बसली की बसली, सिंहासनच ते. अंबाड्यात वेणी, गळ्यात सोनं, हातात कोयता. आणि तिची एकच मिजास, ‘पारूच्या हातातून शिला म्हावरा कवा गेला नाय!’ शिला म्हावरा म्हणजे शिळा मासा हो. तीस वर्षं हे वाक्य ती म्हणतेय आणि तीस वर्षं गिऱ्हाईक डोळे मिटून पिशवी पुढे करतंय. तिच्या शेजारी शेवंती बसते, जन्माची प्रतिस्पर्धी. तीसुद्धा या वाक्यावर कधी काही बोलली नाही. यात काय ते समजा.

मावशीला विचारलं तर अशी खूश झाली! लग्नाचं लुगडं नेसून, अंगावर सगळं सोनं घालून फोटोला बसली.

‘मावशी, हातात एक पापलेट धरा ना.’

‘या लुगड्याला म्हावरा लावू? येडी का गो तू?’

मग तिच्या हातात मी डब्याचं झाकण दिलं. मासा काय, नंतर घरी काढता येईल. मी मूळची मालवणची! आमच्या घरात पोरं बोलायच्या आधी काटे काढायला शिकतात. मासा मला शिकवायचा?

आता इथे एक कबुली देते. लहानपणी मासे आई आणायची, आईच निवडायची; पुढे मावशी देईल ते मी डोळे मिटून घेतलं. मी फक्त खाल्लेत. पण ही गोष्ट त्या वेळी माझ्या डोक्यात आली असती तर हा किस्सा झाला असता का?

गुरुवारी काढायला बसले. फ्रीजमध्ये रविवारचं पापलेट होतं, मावशीकडचंच. करायचं राहून गेलं होतं. मी ते बाहेर काढलं, टेबलावर ठेवलं आणि खरं सांगते, अंगावर काटा आला. कसला सुंदर मासा! डोळा पांढुरका, आत ओढलेला, जणू आत कुठेतरी बघतोय. मी केतकीला व्हिडिओ कॉल लावला.

‘केतकी, डोळा बघ! आत वळलाय!’

‘अंतर्दृष्टी!’ केतकी किंचाळली. ती शाकाहारी. सात पिढ्यांत कोणी मासा हातात धरलेला नाही.

‘आणि कल्ले मातकट आहेत गं!’

‘भूमाता! लिहून घेते.’

मग मी मासा डोक्याकडून उचलला, तर शेपटी हळूच खाली वाकली. पूर्ण गोल, नाजूक वाक.

‘चंद्रकोर!’ आम्ही दोघी एकदम ओरडलो. स्त्रीतत्त्वाचं सगळ्यात जुनं प्रतीक, माझ्याच स्वयंपाकघरात!

मी चार तास काढत होते. प्रत्येक छटा, प्रत्येक खवला. मध्ये नवरा येऊन म्हणाला, ‘वास येतोय का काही?’ तो सोलापूरकडचा, त्याला मटणापलीकडे काही कळत नाही. मी त्याला दार लावून घ्यायला सांगितलं.

संध्याकाळी आईला कांदिवलीला फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं, ‘ह्यो मासो आधी टाकून दी.’ बघा! लेकीनं सम्राज्ञी काढली आणि आईला फ्रीजची काळजी. तिला कला कळत नाही म्हणून मी सोडून दिलं.

छपाई सोमवारपासून होती. त्याआधी रविवारी दुपारी आम्ही कोळीवाड्यालगत एक छोटा हॉल घेतला. सम्राज्ञीचा सहा फुटी बॅनर केला, वर पडदा सोडला. पाहुणी पारूमावशी! अख्खा बाजार घेऊन आली ती, पन्नासेक बायका, डोक्यात फुलं, नुसता दणदणाट. सगळ्यात पुढे शेवंती. मावशी मला म्हणाली, ‘माज्या आयशीचा पन कोनी फोटो नाय काडला गो. तू माजा एवडा मोटा केलास.’ मी ऐटीत पडद्याची दोरी हातात घेतली.

पडदा ओढला.

एकदम शांतता! पन्नास कोळणी आणि शांतता, ऐकलीय कधी? मला वाटलं, भारावल्या. मी माईक उचलला.

‘डोळा बघा!’ मी म्हटलं.

‘बगला,’ मागून कोणीतरी म्हणालं.

‘कल्ले बघा! हा रंग बघा!’

पहिल्या रांगेतल्या एका म्हातारीनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं, रडतेय. मला आणखी चेव आला.

‘आणि हा बाक! हा बाक विसरू नका!’

शेवंती उभी राहिली. ‘ए बाय, यो कवाचा हाय?’

‘हजारो वर्षांचा!’ मी माईकवरून गर्जले. ‘प्रत्येक बाईच्या आत हा असतो!’

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. शेवंती अगदी गोड आवाजात म्हणाली, ‘गो पारू, तुज्या हातान ता काय दिलाय हिनं?’

पारूमावशी उठली. चेहरा लालबुंद. ‘वृषाली, यो म्हावरा माजा नाय.’

मला वाटलं, बिचारी लाजतेय. आता इथे माझं तोंड कोणीतरी दाबायला हवं होतं. पण कोण दाबणार? मी हौसेनं म्हटलं, ‘असं काय मावशी! तुमचाच आहे! तुमच्याकडूनच घेतला मी, रविवारी!’

माईक चालू होता, हे लक्षात घ्या.

सत्काराचा साडी-नारळ तसाच ठेवून मावशी चालायला लागली, आणि मागोमाग सगळा बाजार. केतकी माझ्या कानाशी येऊन म्हणते, ‘इतक्या हलल्या का गं त्या?’

शेवंती तेवढी थांबली होती. तिनं बॅनरवर एकेक बोट ठेवून मला समजावलं. डोला आत गेलेला, म्हंजे शिला. कल्ले मातीवानी, म्हंजे शिला. आनी उचलल्यावर वाकला, म्हंजे मांजरीला घाल. ताजा मासा पाटासारखा ताठ राहतो म्हणे! आमची अंतर्दृष्टी, भूमाता आणि चंद्रकोर, तिन्ही एका दमात कचऱ्यात गेल्या.

मी खुर्चीत बसूनच राहिले. वाट लागली होती, पण माझी नाही हो, मावशीची! तीस वर्षांचं तिचं नाव मी सहा फुटी बॅनरवर नासवलं होतं, वर माईकवरून साक्ष पण दिली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारात गेले. मावशीसमोर एक गिऱ्हाईक उभं होतं, जुनं, नेहमीचं. ते वाकलं आणि कल्ला उघडून बघायला लागलं. मावशीच्या पाटीवरच्या माशाचा कल्ला! मावशी मान खाली घालून बसली होती. लाज म्हणजे काय असते, ते मला त्या दिवशी कळलं. रडूच फुटलं मला.

‘मावशी, चुकलं माझं.’

‘पुडं हो. गिराईकाचा टाइम हाय.’

‘मी काय करू, तुम्ही सांगा.’

तिनं पहिल्यांदा वर बघितलं. ‘माईकवर बोललीस ना? आता बिनमाईकची बोल.’

मग काय! मधोमध उलटी बादली होती, तिच्यावर चढले आणि बेंबीच्या देठापासून ओरडले, ‘ऐका हो! पारूमावशीनं मला मासा ताजाच दिला होता! मी तो आधीच्या रविवारी घेतला आणि गुरुवारपर्यंत फ्रीजमध्ये ठेवला! मला मासा कळत नाही!’

‘मागं ऐकू नाय आला,’ शेवंती म्हणाली.

तीनदा ओरडायला लावलं मला त्या बायकांनी! तिसऱ्या वेळी तर बर्फवाला पण हातगाडी थांबवून ऐकत होता. आणि मग मावशी हसली. पोट धरून हसली. मला बादलीवरून खाली ओढलं, त्याच बादलीवर बसवलं आणि हातात एक पापलेट दिलं. ‘बग. डोला बग कसा बगतोय तुज्याकडं. कल्ला उगड, लाल हाय ना? आता उचल. वाकतोय? काड आता.’

दुपारपर्यंत काढत होते. सम्राज्ञीच्या हातात आता जो मासा आहे ना, तो एकदम झकास! केतकीनं छपाई पुढे ढकलली आणि पुस्तिका नव्यानं लिहिली. ‘ताठ कणा आणि उघडा डोळा’, याहून मोठं स्त्रीतत्त्व कुठलं, असं तिला आता वाटतं.

त्या दुपारी तिथेच मावशीनं नवं चित्र पाहून मान डोलावली. मग म्हणाली, ‘आनी ता जुना म्हावरा?’

‘पुसून टाकते.’

‘का गो? म्हावरा फुकट घालवायचा नाय. दुसऱ्या पानावर टाक. कंचा पान रिकामा हाय?’

‘एकच आहे. शून्य नंबर. मूर्ख. त्याला कोणी मिळालीच नाही.’

मावशीनं मला बादलीपासून केसांपर्यंत नीट न्याहाळलं. ‘हाय की!’

तर मंडळी, आमच्या संचातलं शून्य नंबरचं पान म्हणजे मी! वर्सोव्याच्या जेट्टीच्या टोकाशी निघालेय, नजर आभाळात, हातात वाकलेलं पापलेट. मूळ चित्रात मागे एक कुत्रा असतो. मी मांजर काढलंय, आणि ते पण नाक मुरडून दुसरीकडे बघतंय. संच छापला, लोकांना आवडला. आणि सगळ्यात जास्त कुठलं पान आवडलं, हे मी सांगत नाही.

मावशीनं ते पान लॅमिनेट करून तराजूशेजारी टांगलंय. नवं गिऱ्हाईक आलं की दाखवते, ‘असा दिसला तर घेऊ नको!’

गेल्या रविवारी गेले होते. आता मला मासा कळतो हां! ऐटीत एक पापलेट उचललं, डोळा बघितला, कल्ला उघडला. शेजारी एक तरुण मुलगी उभी होती. एकदा पानाकडे बघायची, एकदा माझ्याकडे.

‘त्या पानावरच्या तुम्हीच ना?’

म्हटलं, आली कीर्ती शेवटी! केस सारखे केले, सही मागेल म्हणून पर्समधलं पेन पण चाचपलं. ‘हो, मीच ती.’

तिनं लगेच आपली पिशवी मागे घेतली आणि मावशीकडे वळून म्हणाली, ‘मावशी, ह्यांनी हात लावलेलं नको हां. दुसरं द्या.’