पिवळी पट्टी आणि पांढरा शर्ट

छटामावशींना खऱ्या नावाने हाक मारणारं प्रयोगशाळेत कुणी उरलं नव्हतं. तरुणपण कापडगिरणीत रंग कालवण्यात गेलं. गिरणी बंद पडली तेव्हा त्या इथे आल्या, काचा धुवायला. आल्या आणि आठवड्याभरात, हातातला ब्रश खाली न ठेवता, प्रयोगशाळा चालवणाऱ्या मॅडमना म्हणाल्या की ह्या काचपट्टीवरचा रंग अंमळ जाड बसलाय आणि त्या पट्टीवरचा कडेला विरलाय. मॅडमनी मोजून पाहिलं, तर अगदी तसंच. तेव्हापासून खिडकीजवळचं टेबल मावशींचं.

तिथे जी रसायनं वापरत त्यांना मॅडम सेंद्रिय अर्धवाहक म्हणत. मावशींच्या लेखी ते वीज नेणारे रंग. द्रावणाचा थेंब काचेच्या पट्टीवर टाकायचा, पट्टी भोवऱ्यावर ठेवायची. भोवरा म्हणजे गरगर फिरणारं छोटं यंत्र. तो जोरात फिरला तर थर पातळ, हळू फिरला तर जाड. फार पातळ थरातून प्रकाश निसटतो, फार जाड थरात वीज आतच अडकते. अशा थरावर त्याच्या पसंतीचा प्रकाश पडला तरच वीज वाहते. बाकीचे रंग आले काय नि गेले काय. आणि गंमत म्हणजे जो रंग तो टिपतो, तो त्याच्या अंगावर दिसतच नाही. हिरवा टिपणारा थर गुलाबी, निळा टिपणारा पिवळा. "गिळलेलं कसं दिसेल?" मावशी म्हणायच्या.

जाडी मोजायचं यंत्र होतं, पण त्यासाठी थरावर सुईने ओरखडा काढावा लागे आणि पट्टी वाया जाई. म्हणून मावशी पट्टी पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर ठेवून खिडकीशी बघत, आणि त्यांचा शब्द चाले. फिकी वाटली की पुढच्या पट्टीला भोवरा हळू.

गेले तीन आठवडे मात्र पिवळ्या पट्ट्यांनी उच्छाद मांडला होता. मावशींना त्या सारख्या फिक्या वाटत, त्या भोवरा आणखी हळू करत, आणि मॅडमच्या निळ्या दिव्याखाली पट्ट्या ढिम्म. वीज जेमतेम. वरच्या मजल्यावर रसायनं बनवणाऱ्या मुलीने दोन वर्षं खपून केलेली, ह्या पिवळ्या द्रावणाची भुकटीच वाईट निघाली, असं मॅडमच्या मनाने घेतलं. सोमवारी ती रद्द करायचं ठरलं. मुलगी जिन्यात मावशींना भेटली, ती मान खाली घालून उतरून गेली.

सोमवारी सकाळी नवऱ्याने शर्टाची बाही मावशींच्या नाकासमोर धरली. बटण त्यांनीच आदल्या दिवशी लावलं होतं.

"दोरा कुठला गं हा?"

"पांढरा. दिसत नाही का?"

"पिवळाधमक आहे. पोस्टात होतो तेव्हा असा शर्ट घालून गेलो असतो, तर लोकांनी मलाच तिकीट लावून धाडलं असतं."

तो हसला. मावशींनी दोरा बघितला, शर्ट बघितला, मग पांढरी भिंत. एक डोळा मिटला, मग दुसरा. सगळं एकाच जुन्या कागदाच्या रंगाचं. पांढराच पिवळा दिसत असेल, तर पिवळा वेगळा दिसणार कसा?

डॉक्टरकडे जाऊ, नवरा हळूच म्हणाला. आधी कामावर जाऊन येते, मावशी म्हणाल्या.

वाटेत त्यांना गिरणीतले रंगमास्तर आठवले. नजर अधू झाल्यावर त्यांना फाटकावर बसवलं होतं. गप्प राहिलं तर कुणाला कळणार होतं? पण जिन्यातली ती मुलगी डोळ्यांपुढून हलेना.

मॅडम भुकटीची बाटली हातात घेऊनच उभ्या होत्या. मावशींनी पिवळी पट्टी पुढे केली. "यावर ओरखडा काढा."

"वाया जाईल मावशी."

"जाऊ दे. एवढ्या कष्टांची भुकटी जाण्यापेक्षा पट्टी गेलेली बरी."

थर हवा त्याच्या दुपटीहून जाड निघाला.

"भुकटी उत्तम आहे," मावशी म्हणाल्या. "डोळे माझे बिघडलेत." आणि कुणी काही म्हणायच्या आत उठून काचा धुण्याचा ब्रश घेतला.

मॅडमनी बाटली परत फळीवर ठेवली. मग दुसरं स्टूल खरडत खिडकीशी आणलं. "कुठे निघालात? पिवळ्या पट्ट्या मी बघते. पण काय बघायचं, ते तुम्ही सांगायचं."

"वर्षं लागतात हो शिकायला."

"मग उठताय कशाला? बसा ना."

मावशी बसल्या. बराच वेळ ब्रश मांडीवरच राहिला.

मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत होता. पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, पथ्य संपलं, आणि त्या पुन्हा खिडकीशी आल्या. जुन्या डोळ्याने फरशी बघितली, मग नव्याने. "एवढी पांढरी होती होय ही?" पट्टी ठेवली तर लख्ख पिवळी. शेजारच्या स्टुलावरून मॅडमनी विचारलं, जाड का? मावशींनी मान डोलावली. "भोवरा वाढवा. आणि तुमच्या लक्षात का नाही आलं?" मॅडम हसून भोवऱ्याकडे वळल्या.

संध्याकाळी नवऱ्याची बाही पकडून त्यांनी तो दोरा निरखला. "अगंबाई, केवढा पिवळा आहे हो." आणि कात्री शोधू लागल्या.

नवऱ्याने हात मागे घेतला. "राहू दे," म्हणाला. "मला आवडतो तो."