मीनाचे दोन सेंटिमीटर

चांगुणाताईंच्या तव्यावर दुसरी भाकरी टम्म फुगली आणि दार वाजलं. पिंपळगावच्या त्या वस्तीत अंगणवाडीच्या ताईंचं दार सकाळी सहसा कुणी वाजवत नाही. ताईच सगळ्यांची दारं वाजवत फिरतात.

दारात भागीबाई. कडेवर अडीच वर्षांची नात मीना, डोक्याचा चकचकीत गोटा, हातात अर्धं केळं.

"ताई, पोर खाली आली!"

"कुठून पडली?"

"पडली नाय ओ, उंचीनं खाली आली! तुम्ही आमच्या चौकटीवर पेन्सिलीची रेघ मारली व्हती, तिथवर डोकंच पोचत नाय. परवा जावळ काढलं अन् आज ही लहान झाली. नवसात काय चुकलं का माझं?"

ताईंनी हसू दाबलं. मीना जन्मापासूनच वयाच्या मानानं बुटकी. ती तक्त्यावरच्या खुज्या मुलांच्या रेषेच्या वर आली, असं गेल्याच महिन्यात त्यांनी मोठ्या हौशीनं लिहिलं होतं. त्यामुळे खुज्या मुलांना मिळणारं तिचं जादा अंडं बंद झालं होतं.

तवा उतरवून त्या तशाच अंगणवाडीत गेल्या. मीनाला मोजायच्या फळीला पाठ लावून उभं केलं, टाचा टेकवल्या, वरची पट्टी डोक्यावर आणली. गेल्या महिन्यापेक्षा दोन सेंटिमीटर कमी. पुन्हा मोजलं. तेवढेच.

मग लख्ख आठवलं. जावळ नवसाचं, म्हणून डोक्यावरची केसांची गाठ भागीबाई कुणाला सोडू देत नसत. ताई पट्टी गाठीवरच टेकवायच्या आणि गाठ महिन्यागणिक फुगत गेली होती.

"म्हंजी इतके दिवस केसच वाढले का काय?"

"केसही वाढले, मीनाही वाढली. दिवाळीचा फ्रॉक कुठवर येतो आता?"

"पायात अडकायचा, आता गुडघ्यावर गेलाय. घालायची लाज वाटती."

"मग! वाढतेय ती. पण रेषेला अजून बोटभर कमी आहे. अंडं परत सुरू करायला हवं."

"अंडं!" मीनानं केळं टाकून दिलं.

ताईंनी लगेच पर्यवेक्षिका ललिता मॅडमना फोन लावला.

"अहो चांगुणाताई, उलटं वाढलेलं मूल मी वर कसं दाखवू? मागचा आकडाच बदलून टाका ना!"

"तो राहू द्या, मॅडम. चूक माझी आहे. त्याच्या शेजारी 'केसांच्या गाठीसकट मोजलं' एवढं फक्त लिहू द्या."